विश्लेषण : सहा पाट्या, एक बार आणि रायगड किनाऱ्यावरच्या ‘लाइव्ह म्युझिक’ची कपोलकल्पित बखर

मांडवा जेट्टीवरून अलिबागकडे निघाले की रस्त्याच्या कडेला ‘लाइव्ह म्युझिक’ लिहिलेल्या पाट्या दिसू लागतात. माडांना गुंडाळलेले पिवळे दिवे, कोपऱ्यात एक उंच स्टूल आणि त्यावर गिटार घेऊन बसलेला तरुण. मुंबईहून रो-रो बोटीने गाडीसकट आलेली मंडळी याला ‘वातावरण’ म्हणतात. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पनवेलच्या हमरस्त्यावर, बारबाहेर गाण्याबजावण्याची पाटी दिसली की मात्र बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो. तिथे याच गोष्टीला ‘समस्या’ म्हणतात. २ ऑगस्ट २०२५ रोजी पनवेलमध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या वर्धापन दिनाच्या मेळाव्यात राज ठाकरे यांनी रायगड जिल्ह्यातील डान्स बारच्या संख्येवर बोट ठेवले आणि त्याच रात्री मनसेच्या कार्यकर्त्यांनी पनवेलजवळच्या एका बारची तोडफोड केली. वातावरण आणि समस्या यांत फरक नेमका कशाचा? हे समजून घेण्यासाठी आपण एका बारचा इतिहास रचू. यातला बार, त्याचे मालक आणि त्यांच्या गमती पूर्ण काल्पनिक आहेत. कायदे, तारखा आणि निकाल मात्र खरे आहेत. कोणता भाग जास्त हास्यास्पद, हे वाचकांनी ठरवावे.

बखर सुरू कुठून होते?

आजकाल मेन्यूकार्डाच्या शेवटच्या पानावर इतिहास छापायची पद्धत आहे. आमच्या बारच्या मेन्यूकार्डावरही तो आहे. त्यानुसार १७४० साली पोर्तुगीज चौल-रेवदंडा सोडून निघाले, तेव्हा एका खलाशाने शहाळ्यांची उधारी चुकती करण्यासाठी आपली गिटार मालकाच्या पूर्वजांकडे गहाण ठेवली. खलाशी परत आला नाही. गिटार राहिली आणि तिच्याबरोबर ‘संगीताची परंपरा’ही. ही गिटार आज भिंतीवर टांगलेली आहे. तिच्या मागच्या बाजूला मुंबईच्या दुकानाचे स्टिकर आहे, पण तिथे कोणी पाहत नाही.

यावर फार रागावू नये. अलिबागचे नावच एका अलीच्या बागेवरून पडले, अशी आख्यायिका आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. गंमत इतकीच, की १७४० साली पोर्तुगीज खरोखरच हा भाग मराठ्यांकडे सोपवून गेले आणि त्यांची खरी खूण भिंतीवर नसून जिभेवर राहिली. रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या कोर्लई गावातला ख्रिस्ती समाज आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली स्वतःची बोली बोलतो. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. मेन्यूकार्ड छापणाऱ्याने तिथवर गाडी हाकली असती, तर खलाशी कल्पावा लागला नसता.

पहिली पाटी कोणती?

पहिल्या बारला पाटी नव्हती, झाड होते. नारळाची माडी आणि ताडाची ताडी हे या किनाऱ्याचे जुने पेय. ते काढणे हा भंडारी समाजाचा पिढीजात व्यवसाय. आमचे थोरले मालक झाडाखाली मडके घेऊन बसत आणि शेजारी सनई-ताशावाला बसे. तो रियाज करी की गिऱ्हाईक बोलावी, हे त्यालाही सांगता आले नसते. इथे संगीताला वेगळे पैसे पडत नसत. वाजवणाऱ्याला मडक्यातला तळ मिळे.

इंग्रजांना हा हिशेब पसंत नव्हता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे आणि विकणे सरकारच्या मुठीत आले, माडी-ताडीच्या झाडांवरचा कर वाढला. गावच्या झाडाला सरकारी हिशेबात जागा मिळाली. झाडाखालच्या माणसाला मिळाली नाही. त्याच काळात उरणमध्ये मोहाच्या फुलांची दारू गाळणाऱ्या भट्ट्या भरभराटीला आल्या होत्या आणि तिथला माल खाडी ओलांडून मुंबईला जात होता. म्हणजे मुंबईकराची संध्याकाळ रायगडच्या किनाऱ्यावर तयार होण्याची रीत रो-रोपेक्षा बरीच जुनी आहे. ‘देशी दारू, सरकारमान्य’ अशी पहिली पाटी थोरल्या मालकांनी लावली ती याच काळात. सनईवाल्याचे नाव तिच्यावर नव्हते.

दारूबंदीत बारचे काय झाले?

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर दारूबंदी लागू झाली. दुसरी पाटी लागली, ‘शुद्ध चहा व फराळाचे हॉटेल’. चहा खरेच मिळे. पण आमच्या बखरीनुसार काही गिऱ्हाइके कपबशीतली बशी बाजूला ठेवूनच पीत आणि पिऊन झाल्यावर चहाबद्दल न बोलता जुनी गाणी म्हणत. हातभट्टी खाडीकाठच्या झुडपात गेली आणि संगीत हॉटेलात राहिले, कारण चहा पिणाऱ्यांना वेळ फार होता.

साठच्या दशकात बंदी सैल झाली. कायदा मात्र गेला नाही, तो आजही ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ याच नावाने आहे. या राज्यात परवाना असलेला बार हा दारूबंदीच्या कायद्याखाली चालतो. पिणाऱ्याकडेही परवाना असावा लागतो. ‘परमिट रूम’ हा शब्द तिथूनच आला. तिसरी पाटी तीच, ‘परमिट रूम व फॅमिली रेस्टॉरंट’. मधले मालक म्हणत, पाटीवरचा पहिला शब्द सरकारसाठी, दुसरा बायकोसाठी.

या काळात संगीत कुठे होते? गणेशोत्सवात, पूजेच्या मांडवात आणि लग्नाच्या हळदीत. ‘व्हॉइस ऑफ मुकेश’, ‘व्हॉइस ऑफ किशोर’ अशी बिरुदे लावून गाणारे वाद्यवृंद गावोगाव फिरत. हंगाम संपला की यातले अनेक जण मोकळे. मधल्या मालकांनी अशाच एका ‘व्हॉइस’ला शनिवारी बोलावले. मोबदला होता जेवण, दोन पेग आणि गिऱ्हाइकांनी खूश होऊन दिलेली बक्षिशी. लेखी काही नाही. किनाऱ्यावरच्या ‘लाइव्ह म्युझिक’चा आर्थिक पाया इथे घातला गेला आणि तो अजून बदललेला नाही.

डान्स बारची पाटी कधी आली?

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. पनवेल-उरणच्या गावांतल्या भातशेतीवर आणि मिठागरांवर नव्या शहराच्या रेषा पडल्या. योग्य मोबदल्यासाठी शेतकऱ्यांना दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढावे लागले. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचे बळी गेले. हा विनोदाचा विषय नाही. पण त्यानंतरच्या वर्षांत आलेला जमिनीचा पैसा, मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा या रस्त्यांचा पनवेलजवळचा तिठा आणि मुंबईतून सरकत आलेला धंदा या तिन्ही गोष्टी एकाच जागी भेटल्या. शेत विकले त्या घरात रोख रक्कम होती आणि ती कुठे ठेवायची हे सांगणारे कोणी नव्हते. ती कुठे सांडायची हे सांगणाऱ्या पाट्या मात्र हमरस्त्यावर होत्या.

आमच्या बारची चौथी पाटी या काळातली. ‘व्हॉइस ऑफ मुकेश’ कोपऱ्यात गेले, मध्ये फरशी चकचकीत झाली. गाणे आता कॅसेटवर आणि नाचणारी माणसे जिवंत. मधल्या मालकांच्या मते हेही ‘लाइव्ह’च होते. नोटा उधळल्या जात. रात्री त्या गोळा करून मोजल्या जात आणि त्यातला मोठा वाटा नाचणाऱ्या मुलीकडे जात नसे. बाहेर गावातली एखादी बाई नवऱ्याची वाट पाहत जागी असे. दोघींचेही नुकसान होत होते. राजकारणात मात्र त्या दोघींना एकमेकींसमोर उभे केले गेले.

बंदीची ठिणगी रायगडमध्ये पडली, हे खरे का?

हो. २००५ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात पनवेलचे तत्कालीन आमदार, शेकापचे विवेक पाटील यांनी डान्स बारच्या सुळसुळाटाबद्दल लक्षवेधी सूचना मांडली. तेव्हाचे उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली आणि मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन ऑगस्ट २००५ पासून डान्स बार बंद झाले. तीन तारांकित आणि त्यावरील हॉटेलांना मात्र सूट होती. म्हणजे नाच अश्लील आहे की नाही, हे नाचावरून ठरत नव्हते. बाहेर किती तारे लावले आहेत त्यावरून ठरत होते. आमच्या मधल्या मालकांनी तेव्हा पाटीवर तीन तारे रंगवून घेतल्याचे बखर सांगते. ते चालले नाही.

एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. तारांकित आणि साध्या हॉटेलांत असा भेद करता येत नाही आणि बंदीमुळे ७५ हजारांहून अधिक महिलांचा रोजगार गेला, हे त्या निकालात नमूद आहे. राज्याने २०१४ मध्ये तारांकितांची सूट काढून पुन्हा बंदी आणली. तिला २०१५ मध्ये स्थगिती मिळाली. २०१६ मध्ये नवा कायदा आला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या कित्येक अटी रद्द केल्या. शाळा-देवळापासून एक किलोमीटरचे अंतर, नाच आणि दारूची जागा यांत भिंत, नाचाच्या जागी कॅमेरे, या अटी गेल्या. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ आणि नोटा उधळण्यावरची बंदी राहिली. बक्षिशी हातात देता येते, अंगावर फेकता येत नाही.

या सगळ्यात १४ वर्षे गेली. ७५ हजार महिलांपैकी किती जणी या काळात घरी गेल्या, किती परदेशी, किती त्याहून वाईट जागी, याची चर्चा विधिमंडळात लक्षवेधी झाली नाही.

मग ‘ऑर्केस्ट्रा’ कुठून आला?

नाच बंद होता, गाणे नव्हते. पाचवी पाटी रातोरात लागली, ‘ऑर्केस्ट्रा बार’. आमच्या मालकांनी ‘व्हॉइस ऑफ मुकेश’ना कोपऱ्यातून पुन्हा मध्ये आणले. आता त्यांचे केस पांढरे झाले होते. कालपर्यंत नाचणाऱ्या मुलींच्या हाती माइक दिले. कोणाला गाता येत होते, कोणाला नाही. माइक सगळ्यांचे चालू होते असे नाही. पोलीस आले की सगळे भैरवीच्या मुद्रेत उभे राहत. कायद्याने एका रात्रीत इतके गायक निर्माण केल्याचे उदाहरण दुसऱ्या कुठल्या राज्यात सापडणार नाही.

या पाटीचा कायदा आणखी गमतीचा. मुंबईत असे परवाने १९६० च्या ज्या नियमांखाली मिळतात, त्या नियमांच्या नावातच मेळे आणि तमाशे आहेत. या परवान्यांत एक अट होती, मंचावर चार स्त्रिया आणि चार पुरुष, एकूण आठ. चौघी बहिणींना पाचवी बहीण असेल तर तिने खाली बसायचे. तबलजी आजारी पडला आणि त्याच्या जागी तबला वाजवणारी बाई आली, तर संगीत बेकायदा. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही स्त्री-पुरुष संख्येची अट रद्द केली. आठची मर्यादा राहिली. पण त्या आठांत कोण असावे हे कलाकारांनी आणि मालकाने ठरवावे, असे न्यायालयाने सांगितले. बायकांना संरक्षण देण्याच्या नावाखाली त्यांना कामापासून दूर ठेवता येत नाही, हा या निकालाचा गाभा होता.

त्याआधी, डिसेंबर २०१६ मध्ये, महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. केरळमधल्या एका बारने तेव्हा दारासमोर वेडीवाकडी वाट बांधून चालण्याचे अंतर वाढवले, ही बातमी देशभर गाजली. आमच्या मालकांनीही तीच युक्ती केल्याचे बखरीत आहे; पण येणारी गिऱ्हाइके वाट चुकून मागच्या गोठ्यात निघत, म्हणून ती सोडून द्यावी लागली.

सहावी पाटी किनाऱ्यावर कशी आली?

१५ मार्च २०२० रोजी मुंबई-मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि दहा दिवसांत देश बंद झाला. बोट थांबली, बार थांबले, गाणारेही थांबले. टाळेबंदी उठल्यावर मात्र किनाऱ्याचे भाग्य उघडले. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि शिवडीहून उरण तालुक्यात उतरायला समुद्रावरून रस्ता मिळाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला पनवेल तालुक्यातल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. धाकट्या मालकांनी, जे परदेशात हॉटेल व्यवस्थापन शिकून आले आहेत, पनवेलचा गाळा भाड्याने दिला आणि मांडव्याजवळ वाडी घेतली. सहावी पाटी लागली, ‘कॅफे अँड लाइव्ह म्युझिक’. जुनी पाटी उलटी करून तिच्याच मागे ती रंगवलेली आहे. पावसात रंग उडाला की ‘ऑर्केस्ट्रा’ची दोन अक्षरे दिसतात.

इथे दारू तीच, परवाना त्याच दारूबंदी कायद्याखालचा, गाणीही बरीचशी तीच. फक्त चाल संथ आणि तबला गायब. स्टुलावरच्या तरुणाला मोबदला काय? जेवण, थोडे रोख आणि समाजमाध्यमांवर नाव टाकू, असे आश्वासन. लेखी काही नाही. सनईवाल्याच्या मडक्यातला तळ आता काचेच्या ग्लासात मिळतो, एवढाच बदल.

या पाटीला एक तक्रार मात्र नव्याने चिकटली आहे, ती आवाजाची. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. बंद सभागृहाचा त्याला अपवाद आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पनवेलचा बार बंद खोलीत असतो, म्हणून त्याचा आवाज शेजाऱ्याला कमी ऐकू येतो. वाडीतला कॅफे उघड्यावर असतो, त्याचा आवाज थेट गावात जातो. पण गाव तक्रार कोणाबद्दल करते? बहुतेक वेळा पनवेलबद्दलच. कारण मनात बसलेली समस्या कानाने ऐकू येत नाही.

या किनाऱ्याचे स्वतःचे ‘लाइव्ह’ संगीत कोणते?

रायगडच्या आगरी-कोळी गावांत हळदीला बेंजो लागतो. तो अमेरिकेच्या बँजोचा भाऊ नाही. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून वाजवायचे हे वाद्य बुलबुलतरंगाच्या घराण्यातले असून त्याचे मूळ जपानच्या ताइशोगोतो या वाद्यात सापडते. १९१२ साली नागोयात जन्मलेले वाद्य कोकणच्या हळदीत येऊन बसले, ही गोष्ट खलाशाच्या गिटारीपेक्षा कितीतरी भारी आहे आणि खरी आहे. आगरी लग्नात धवला गाणाऱ्या धवलारणी आहेत. त्यांच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नसत. दक्षिणेकडच्या तालुक्यांत खालू बाजा आहे. नारळी पौर्णिमेला कोळीवाडे नाचतात.

यातले कोणी स्टुलावर दिसते का? क्वचितच. कोळीगीत पर्यटकांच्या आग्रहाखातर एकदा वाजते, तेही बहुतेक वेळा रेकॉर्डवर. किनाऱ्याच्या नावाने धंदा करणाऱ्याने किनाऱ्याचे संगीत बाहेरच ठेवायचे आणि भिंतीवर खोटी गिटार टांगायची, हा आमच्या बखरीतला सगळ्यात खरा भाग आहे.

मग फरक नेमका कशाचा?

सहा पाट्या वाचून एवढे दिसते, की आपण कधी आतल्या कामाकडे पाहून मत बनवले नाही. गिऱ्हाईक कोण, तो कोणत्या गाडीने आला, गाणारी व्यक्ती कोणत्या घरातली, यावरून वातावरण आणि समस्या ठरली. २००५ मध्ये तारे मोजले, नंतर मंचावरच्या बायका मोजल्या, मग रस्त्यापासूनचे मीटर मोजले. गाणाऱ्या-नाचणाऱ्याचा मोबदला मोजायचे राहिले.

याचा अर्थ पनवेलच्या बारमध्ये सगळे आलबेल आहे, असा नाही. शोषण, अल्पवयीन मुलींचा गैरवापर, कर्जात बुडालेली घरे ही दुःखे खरी आहेत आणि त्यांच्यासाठी कठोर कायदे आहेत. पण काचा फोडल्याने यातले एकही दुःख कमी होत नाही. काच मालकाची फुटते, भरपाई विमा करतो, आणि दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नको हे सांगितले जाते ते गाणारीला. गावाला दारूचे दुकान नकोच असेल, तर त्यासाठी महिलांच्या मतदानाचा कायदेशीर मार्ग आहे. उभी बाटली की आडवी, हे गावातल्या बायका मतपेटीतून ठरवू शकतात. दगडाला तेवढे मत नसते.

करायचे काय?

पहिले, २०१९ च्या निकालातली एक दुर्लक्षित ओळ अमलात आणावी. बारमध्ये नाचणाऱ्या महिलेशी लेखी करार आणि मोबदला बँक खात्यात, या अटी न्यायालयाने योग्य ठरवल्या होत्या. फक्त मासिक पगाराची सक्ती काढली. हीच अट प्रत्येक ‘लाइव्ह म्युझिक’ला लावावी, पनवेलच्या ऑर्केस्ट्राला आणि मांडव्याच्या कॅफेलाही. परवाना नूतनीकरणाच्या वेळी करारांच्या प्रती मागितल्या, तर अर्धी बखर तिथेच दुरुस्त होईल.

दुसरे, रात्री काम संपल्यावर घरी पोचवण्याची जबाबदारी मालकाची असावी. शेवटची बोट गेल्यावर मांडव्यात अडकलेली गायिका आणि पहाटे हमरस्त्यावर रिक्षा शोधणारी गायिका यांची अडचण एकच आहे.

तिसरे, आवाजाचा नियम दोन्हीकडे सारखा मोजावा. डेसिबल मोजणाऱ्या यंत्राला गिऱ्हाइकाची गाडी दिसत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

चौथे, किनाऱ्याच्या नावावर पर्यटन वाढवताना किनाऱ्याच्या कलाकारांना जागा मिळावी, मात्र पैसे देऊन. बेंजोवाल्याला ‘लोककलेच्या प्रेमापोटी’ फुकट बोलावण्याची पद्धत हा मडक्यातल्या तळाचाच सुशिक्षित अवतार आहे.

विमानतळ आणि सेतूमुळे येत्या काही वर्षांत या पट्ट्यात अशा पाट्या वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्यातल्या काहींना आपण वातावरण म्हणू, काहींवर मोर्चे काढू. आमच्या बखरीतले धाकटे मालक सातव्या पाटीसाठी रंगाऱ्याला बोलावून बसले आहेत; सरकार पुढे काय ठरवते यावर मजकूर अवलंबून आहे. ‘व्हॉइस ऑफ मुकेश’ आता गात नाहीत. त्यांची नात आठवड्यातून दोन रात्री त्याच वाडीत गाते. तिने करार मागितला, तेव्हा मालकांनी तिला भिंतीवरची गिटार दाखवून परंपरेबद्दल सांगितले. ती अजून कागदाची वाट पाहते आहे.